पुतळाबाईंची सूचना

१० फेब्रुवारी २००२, रविवार

कंबर मोडली, पण काय दिवस गेला!

खारआळीचा नकाशा झाला. मी नाही केला, त्यांनी केला! मी आपली ट्रेसिंग, स्केचपेनं, टाचण्या असं सगळं सामान घेऊन गेले होते. बायकांनी ढुंकून बघितलं नाही. पुतळाबाई म्हणून एक आहेत, साठी उलटलेली, खाडीकडच्या टोकाला घर. त्यांनी देवळापुढचं अंगण सकाळीच सारवून ठेवलं होतं. "कागद उडतो गो बाय. जमीन नाय उडत." आणि पदर खोचून रांगोळीचा डबा घेऊन बसल्याच मधोमध!

दोन तासांत सगळी आळी जमिनीवर. घरांना विटेची भुकटी, वाड्यांना केळीच्या पानांचे तुकडे, खाडीला नीळ. एकीचं घर दुसरीने देवळाच्या चुकीच्या बाजूला काढलं म्हणून दोघी भांडल्या. मग पुसून परत काढलं.

पाच बावखलं, म्हणजे वाड्यांमधली जुनी तळी, काढली. प्रत्येकाला दोन-दोन गोल, एक पाण्याचा, एक काठाचा. चार वर्षांपूर्वी आम्ही चंदनसारला फ्लॅट घेतला तेव्हा वसईकडे येताना दिसणारी ही बावखलं मला चक्क डबकी वाटायची. शिकलेली बाई मी! पावसाचं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं, आणि म्हणून खाडी हाकेवर असूनही यांच्या विहिरी गोड्या. थोरलं, देवाचं, जोडीतली दोन आणि धाकटं. धाकटं पुतळाबाईंच्या वाडीला लागून.

शेवटी विचारलं, तुम्हाला काय हवंय? पुरुषांनी दिवे आणि डांबर मागितलं. बायका गप्प. मग पुतळाबाईच म्हणाल्या, "बायांना बसायला जागा पायजे. सावलीची. देवलात पुरुषच बसतात." मी जसंच्या तसं टिपून घेतलं.

चंद्रहास सर गाडीतून दोनदाच उतरले, पण खूश. नियोजन कार्यालयाने आमच्या फर्मला पाच आळ्यांचा नमुना आराखडा दिलाय: लोकांना सोबत घेऊन करायचा, झाडं-पाणी राखून करायचा. "हीच सहनिर्मिती, संपदा!" सरांचा लाडका शब्द. आज पहिल्यांदा मलाही तो खरा वाटला.

२५ फेब्रुवारी, सोमवार

जमिनीवरचा नकाशा कागदावर उतरवला. मोजणीशी ताडून बघितला. थोरल्या बावखलाचा आकार सरकारी नकाशात चुकलाय, पुतळाबाईंचा बरोबर! ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले. हरेशने, म्हणजे पुतळाबाईंच्या रिक्षावाल्या मुलाने, आज रिक्षाचे पैसे घेतले नाहीत. वसई कोर्टापासून ऑफिसपर्यंतचे. "आयनं सांगितलंय, त्या बायकडून घ्यायचे नाय."

२० मार्च, बुधवार

डोकं फिरलंय. सरांनी सगळी शीटं बघितली आणि म्हणाले, "सुंदर. पण यात बांधकाम कुठाय?"

म्हटलं, सर, लोकांना बांधकाम नकोच आहे. पाचही बावखलं राखीव ठेवायची, नाले मोकळे करायचे, झाडं. झालं की.

"कार्यालय झाडांना पैसे देत नाही. मोजून बिल काढता येईल असं एक तरी काम दाखवावं लागतं. बाकी चार आळ्यांत दाखवलंय. इथे नाही दाखवलं तर ही आळी आराखड्यातून गळेल. मग त्यांचा जुना प्लॅन लागू होणार. त्यात पाचही बावखलं कोऱ्या जागा म्हणून दाखवलीत, म्हणजे कधीही भरायला मोकळी, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. मीच त्यांना दाखवलं होतं.

"बायकांनी जागा मागितली होती ना? समाजमंदिर दाखव. जागा शोध."

जागा कुठून आणू? सगळ्या वाड्या खाजगी. एक इंच मोकळा नाही.

२२ मार्च, शुक्रवार

केलं.

धाकटं बावखल भरून तिथे समाजमंदिर आणि पुढे बाग. बाकी चार कायमची राखीव. पाचांतली चार वाचली, असं सर म्हणाले. मीही मनाशी तेच घोकत बसलेय सकाळपासून.

तक्त्यात एक रकाना आहे: 'सूचना करणाऱ्याचे नाव'. रिकामा ठेवला होता. सर म्हणाले, रिकामा ठेवू नकोस, मग ती आपली सूचना ठरते, लोकसहभाग कुठे राहिला? मी वही काढली. 'बायांना बसायला जागा.' खाली पुतळाबाईंचं नाव.

तेच लिहिलं.

एवढंच लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. जेवायला बाहेरही गेले नंतर. मिसळ खाल्ली. व्यवस्थित खाल्ली!

२३ मार्च

काही लिहायचं नाही आज.

१५ एप्रिल, सोमवार

मुंबईला सादरीकरण झालं. मोठमोठे लोक. जमिनीवरचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा टाळ्या. अहवालाच्या मुखपृष्ठावर पुतळाबाईंचा फोटो आहे, रांगोळी टाकताना, हात हवेत. एकजण मला म्हणाले, "त्या बाईंनी स्वतःच्या वाडीशेजारचं पाणी समाजासाठी दिलं, केवढी दृष्टी!" मी काय केलं? हसले. "हो ना," म्हटलं. 'हो ना!'

सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. बढतीचं पत्र पुढच्या महिन्यात.

घरी आईने शिरा केला. मी अर्धाच खाल्ला. "गोड जास्त झालं का गं?" म्हणाली. नाही म्हटलं.

२९ एप्रिल, सोमवार

आराखडा प्रसिद्ध झाला. महिनाभर हरकती घेणार, मग १० जूनला खारआळीतच सुनावणी. प्रत चावडीच्या फळ्यावर लावली. मी नाही गेले लावायला, शिपायाला पाठवलं.

मला माहीत होतं लोक वाचणार. तरी एक मूर्ख आशा होती. सरकारी कागद आहे, कोण वाचतोय! अशी आशा करणारी मी. लोकांनी वाचावं म्हणून सभा घेत फिरणारी मी. शी!

३ मे, शुक्रवार

हरेशचा ऑफिसात फोन. आवाज वेगळाच. "मॅडम, तुमी एकदा येऊन जा. आयशी कोन बोलत नाय."

मी "रविवारी येते" म्हटलं. का, विचारलंच नाही. विचारायची काय गरज होती!

५ मे, रविवार

जाऊन आले.

आळीत शिरल्या शिरल्या रामनाथभाऊ भेटले. देवळाचं बघतात ते, आळीत त्यांचा शब्द चालतो. एरवी शहाळं दिल्याशिवाय सोडत नाहीत. आज ओट्यावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग नाय. तुमी जे ऐकलं ते लिवलं. पन आलीचं पानी एकट्या बाईनं कसं दिलं? आन ते पन स्वतःच्या दाराम्होरचं. उद्या समाजमंदिर झालं की तिच्या वाडीला रस्ता मिलतो, ती गोष्ट आमाला कलत नाय काय?"

तुम्ही जे ऐकलं ते लिहिलं. माझ्या तोंडावर म्हणाले! मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि काय बाहेर पडलं? "बघू, सुनावणीत मांडा." कारकून!

पुतळाबाई ओटीवर भात पाखडत होत्या. मला बघून तशाच हसल्या. पाणी दिलं. मग सूप बाजूला ठेवून मला विचारतात, "बाय, तुज्या वहीत हाये ना? बसायची जागा मी मांगितली ती खरी. बावखल भरा असं मी कधी बोलले गो? मला आठवत नाय. म्हातारी झाले. बोलले असेन त्या गर्दीत."

बोलले असेन!

नाही हो मावशी, नाही बोललात. इतकंच म्हणायचं होतं. पाच शब्द. मी म्हटलं, "वही ऑफिसात आहे."

वही पर्समध्ये होती. मांडीवरच.

७ मे

सकाळी सोसायटीत टँकर आला. बादल्या घेऊन सगळे खाली. मी ड्रायव्हरला विचारलं, कुठून भरता? "वसई साइड. गाँव का कुआँ. मीठा पानी है मॅडम." मी दोन हंडे भरून वर आणले. प्याले.

१९ मे, रविवार

आज गाळ काढायचा दिवस. पावसाआधी दरवर्षी असतो, फेब्रुवारीतच मला आमंत्रण होतं. नियम साधा: घरटी एक माणूस आणि एक टोपलं. रांग लावून गाळ हातोहात वर काढतात, दुपारी तो सगळ्या वाड्यांना वाटतात, मग देवळात जेवण. टोपलं मोडकं असलं तरी चालतं, पण ज्याच्या घरचं टोपलं नाही तो आळीत नाही.

नको जायला म्हणत होते. गेले. कॅमेरा घेऊन गेले, म्हणजे काम आहे असं वाटावं!

रांग लागली थोरल्या बावखलाच्या काठाला. गुडघाभर चिखलात पंचवीसतीस माणसं, गप्पा, शिव्या, हसणं. नऊच्या सुमारास हरेश आला. बनियन, डोक्यावर टोपलं. पुतळाबाईंनी शेणाने लिंपून दिलेलं, अजून ओलसर होतं. तो रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसाने गाळ भरलेलं टोपलं त्याच्या हातात दिलंच नाही. खाली ठेवलं. दुसऱ्याने ते त्याच्या अंगावरून उचलून पलीकडे दिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी ढकललं नाही. रामनाथभाऊ एवढंच बोलले, "हरेश, तुमच्या बावखलाचा गाल तुमी काढा. तुमचं भरनारच हाय ना."

हरेश थोडा वेळ उभा राहिला. मग टोपलं उलटं करून काखेत धरलं आणि निघाला. माझ्यासमोरून गेला. माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे रागाने नाही. लाजला होता तो. तो लाजला होता!

पुतळाबाई वाडीच्या कुडाशी उभ्या होत्या. पंचेचाळीस वर्षं झाली लग्न होऊन. पहिल्यांदा त्यांच्या घरचं टोपलं परत आलं.

रांगेतली सालोमी, ती बालवाडीची बाई, मला म्हणाली, "मॅडम, आमची माणसं दुष्ट नाहीत हां. पण पाण्याचं कोणी एकट्याने ठरवत नाही इथे. कधीच नाही. चर्चवालेपण नाही, देवळवालेपण नाही."

मी मान डोलावली. एकही फोटो काढला नाही.

२१ मे, मंगळवार

सरांना सांगितलं. सरळ. म्हटलं, मी खोटं लिहिलंय, दुरुस्ती पत्र देते.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसवलं. "दे पत्र. मग काय होईल सांगतो. लोकांच्या नावावर खोटी सूचना घातली, असं निघालं की पाचही आळ्यांचा आराखडा रद्द. तुझी चारही राखीव बावखलं गेली. जुना प्लॅन लागू. तुला वाटतं ती म्हातारी तुला दुवा देईल?"

"सर, तुम्हीच म्हणालात नाव घाल."

"मी म्हटलं रिकामं ठेवू नकोस. नाव तू निवडलंस."

खरं आहे. हा माणूस पक्का लबाड आहे आणि हे वाक्य मात्र खरं आहे.

हरकतींबद्दल विचारलं. आळीतून एकोणतीस अर्ज आलेत. "येऊ देत. 'विचारात घेतल्या' असा शेरा मारतात. सूचना गावातूनच आलेली असली की हरकतीला वजन नसतं. गावातले दोन गट, एवढंच धरतात. ज्याची सूचना त्यानेच मागे घेतली तर गोष्ट वेगळी. मग तेवढंच कलम वगळतात; आराखडा एकदा प्रसिद्ध झाला की त्यातून आळी गळत नाही." आणि फाइल बंद केली.

२६ मे, रविवार

परत गेले. आज सांगायचंच ठरवून. रिक्षात तीनदा पाठ केलं.

पुतळाबाईंनी ताडगोळे सोलून ठेवले होते. बायका येत नाहीत म्हणून पडवी झाडलेली, स्वच्छ, रिकामी. पूर्वी संध्याकाळी चारपाचजणी भात निवडायला इथेच बसायच्या म्हणे. मला म्हणाल्या, "तू तरी येतेस." आणि एक एक ताडगोळा हातात देत राहिल्या. मी खात राहिले. सात खाल्ले. सात!

नाही सांगितलं.

परत येताना स्टँडवर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. हे लिहून काय होणार आहे? वहीत लिहिलं की सांगितल्यासारखं वाटतं. हीच ती सवय.

१ जून, शनिवार

धाकट्याच्या काठावर दोन ट्रक भराव पडला! मंजुरी नाही, सुनावणी नाही, आणि कुठल्या तरी ठेकेदाराने आधीच सातिवलीहून डबर आणून ओतलं. फुटक्या लाद्या, सिमेंटचे गोळे, प्लास्टिक. हरेश एकटा घमेल्याने बाजूला ओढत होता. आळीतलं कोणी आलं नाही.

सर म्हणाले, "उत्साही लोक असतात."

२ जून, रविवार

आईला सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. सगळं ऐकून म्हणाली, "नोकरी जाईल म्हणून नाही सांगितलंस ना?"

मी चारही बावखलांचं, जुन्या प्लॅनचं सांगायला लागले.

"ते झालं गं. मी तुला विचारतेय."

मग म्हटलं, नोकरीसाठी नाही. मी त्यांना चांगली वाटते म्हणून. त्या मला चांगलं समजतात, ते जाईल म्हणून.

"मग ते गेलेलंच आहे," आई म्हणाली. "फक्त त्यांना कळलेलं नाही."

रडले. तिने रडू दिलं. जवळ घेतलं नाही, आणि ते बरं केलं.

६ जून, गुरुवार

सांगितलं.

अर्धी रजा टाकून गेले. ओटीवर बसले नाही, उभ्याउभ्याच सांगितलं, नाहीतर परत ताडगोळे खात बसले असते. तुम्ही नाही बोललात. मी लिहिलं. तुमचं नाव मी घातलं. वही तेव्हा माझ्याजवळच होती.

पुतळाबाईंनी आधी कोंबड्या हाकलल्या. मग विचारलं, "म्हंजे मी इसरले नव्हते?"

नाही.

"बरं झालं." आणि खाली बसल्या. "मला वाटलं, डोकं गेलं माजं. महिना झाला, रोज आठवते. दिस उजाडल्यापासनं तेच आठवते, कधी बोलले, कोनाशी बोलले. हरेशला पन सांगितलं, आता मला एकटी कुठं सोडू नको."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. शाप देतील. त्यांना पहिलं हे वाटलं, की आपलं डोकं शाबूत आहे! एक महिना मी त्यांना आपण वेड्या झालो असं समजू दिलं. याला काय नाव आहे मला माहीत नाही.

पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. रागाने बोलल्या तेव्हा एकदाच बोलल्या. "माजंच नाव का गो? दुसरं नाव नव्हतं?"

म्हटलं, तुम्ही सगळ्यांत जास्त बोलला होतात. तुमचंच लक्षात होतं.

"मंग पुढं कोन बोलंल?" म्हणाल्या. आतल्या खोलीकडे बघत. "पुढच्या वेली तुज्यासारखी दुसरी कोन आली, विचारायला लागली, तं एक बाय तोंड उघडनार नाय हितली."

मग त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. पत्र दिलं तर काय होतं. नाही दिलं तर काय होतं. चार बावखलांचं काय. जुन्या प्लॅनचं काय. सर काय म्हणाले ते शब्दाला शब्द. मी काहीही लपवलं नाही, आज तरी नाही. त्या बोटांवर मोजत ऐकत होत्या, हिशेबी बाईसारख्या. शेवटी म्हणाल्या, "जा आता. हरेशला यातलं बोलू नको. तो तापट हाय."

मी म्हटलं, मी सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आराखडा रद्द झाला तर होऊ दे. तुमचं नाव सुटेल.

त्या उठून आत गेल्या.

९ जून, रविवार

पत्र लिहिलं. पाच वेळा फाडून. शेवटचं चार ओळींचं झालं. 'सदर सूचना श्रीमती पुतळाबाई यांची नसून ती मी, खाली सही करणारीने, स्वतःहून त्यांच्या नावे नोंदवली आहे.' राजीनामा वेगळ्या पाकिटात.

वाचून आईला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, घडी घातली, परत दिलं. "इस्त्रीची साडी नेस," म्हणाली.

हलकं वाटतंय. आणि हलकं वाटतंय याचीही लाज वाटतेय. माझं ओझं उतरणार, चार बावखलं जाणार. तरी सांगणार. आता माघार नाही.

१० जून, सोमवार

देवळापुढे मांडव. सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या शेजारी मी, इतिवृत्त लिहायला. पत्र फाइलखाली. साहेबांनी सुरुवात करताच मी उठणार, तेवढ्यात बायकांतून पुतळाबाई उठल्या.

"साहेब, ती सूचना माजी. मीच बोलले व्हते. आज परत घेते."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोनदा तेच. मग साहेबांकडे पाठ करून त्या आळीकडे वळल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "लोभ झाला मला. चुकले. माफी द्या." रामनाथभाऊंनी मान खाली घातली. मग कोणीतरी टाळी वाजवली.

'सूचना मागे. धाकटे बावखल राखीव. उर्वरित आराखडा कायम.' मी लिहिलं. माझ्याच अक्षरात.

अंगठा उठवायला त्या टेबलाशी आल्या. वाकून अगदी हळू म्हणाल्या, "आता तू कदी बोलू नको हां. बोललीस तं परत भरतील."

मी शाई पुढे केली.